सोळा साइट, दोन जीबीचा सर्व्हर आणि एक मोफत पॅनेल : शाहूपुरीतल्या एका दुकानाचे प्रकरण

कोल्हापुरातल्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून जवळच, तळमजल्यावर वेबसाइट करून देणारे एक दुकान आहे. माणसे दोनच. मालक, ज्यांना मी दादा म्हणतो, आणि तीन वर्षांपासून त्यांच्याकडे काम करणारी बीसीए झालेली एक मुलगी. गिऱ्हाइके आणायची दादांनी, साइट उभ्या करायच्या तिने, आणि काही अडले की फोन मला. २०२४ च्या नोव्हेंबरात असाच फोन आला.

"होस्टिंगवाल्यानं परत दर वाढवलाय. सोळा साइट हायत आपल्या. स्वतःचा सर्व्हर घ्यावा म्हणतोय, पण त्यावरचं पॅनेल फुकटातलं पाहिजे. कुठलं टाकू सांग."

पॅनेल म्हणजे सर्व्हरवरच्या साइट ब्राउझरमधून सांभाळायचे साधन. एका शब्दात उत्तर देता आले असते, पण मी दिले नाही. अशा प्रश्नाला घाईने दिलेले नाव पुढे दोन-तीन वर्षे गळ्यात राहते, हे मी पाहिले आहे. आम्ही निवडीला तीन आठवडे घेतले. ते कसे घेतले आणि पुढच्या वर्षभरात काय झाले, ते इथे मांडतो आहे.

दरवाढीचे मूळ जुने आहे. सी-पॅनेल या विकतच्या पॅनेलने २०१९ च्या जूनमध्ये आपली किंमत सर्व्हरऐवजी खात्यांच्या संख्येवर लावायला सुरुवात केली. त्याआधी एका परवान्यात हवी तेवढी खाती बसत. रिसेलर होस्टिंग, म्हणजे पुढे वाटून विकायची जागा, विकणाऱ्यांनी ही वाढ गिऱ्हाइकांवर टाकली आणि दर पुढेही चढत राहिले. दादांसारख्या छोट्या दुकानदाराला प्रत्येक साइटमागे मिळणारे थोडे पैसे त्यातच जाऊ लागले.

हातात काय होते

सोळापैकी अकरा साइट वर्डप्रेसच्या, चार साध्या एचटीएमएलच्या आणि एक उद्यमनगरातल्या फाउंड्रीची, कुणीतरी हाताने लिहिलेली, पीएचपी ७.४ वर चालणारी. पीएचपी ७.४ ची सुरक्षा दुरुस्ती २०२२ च्या नोव्हेंबरातच थांबली आहे, पण त्या साइटला हात लावायला फाउंड्रीची तयारी नव्हती. बाकी गिऱ्हाइकांत चप्पल लाइन या चपलांच्या बाजारातले एक दुकान, मंदिराजवळचे एक यात्री निवास, एक शाळा, एक पतसंस्था. सर्व्हर म्हणून मुंबईच्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस, म्हणजे मोठ्या यंत्रातला भाड्याचा एक भाग, ठरला : दोन कोअर, दोन जीबी रॅम, पन्नास जीबी डिस्क. दादांच्या खर्चात तेवढेच बसत होते.

मी पहिला प्रश्न विचारला, "या सोळा गिऱ्हाइकांपैकी सी-पॅनेलमध्ये स्वतः कोण जातं?"

मुलीने जुन्या नोंदी पाहिल्या. एकही नाही. फाउंड्रीतले लोक मेलचा पासवर्ड बदलायला म्हणून वर्षातून दोनदा फोन करतात, इतकेच. म्हणजे पॅनेल वापरणार होती एकटी ती. गिऱ्हाइकांसाठी वेगळे लॉगिन, रिसेलरचे थर, पॅकेजेस हे सगळे यादीतून गेले आणि निवड निम्मी सोपी झाली. पॅनेल निवडताना लोक वैशिष्ट्यांचे तक्ते समोर ठेवतात. त्याआधी, रोज त्यासमोर बसणारा माणूस कोण, हे ठरले पाहिजे.

दुसरा प्रश्न दादांना आवडला नाही. "दादा, रात्री साइट बंद पडली आणि ही गावी गेलेली असली, तर कोण बघणार?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीच की. पण मला ते काळ्या पडद्यावर टाइप करायला सांगू नकोस."

मेलचा प्रश्न आधी सोडवला

पॅनेलच्या चर्चेत सगळ्यात मोठा निर्णय पॅनेलचा नव्हताच, मेलचा होता. आतापर्यंत फाउंड्रीचे सहा मेलबॉक्स होस्टिंगसोबतच येत होते. त्यांवर परगावच्या कारखान्यांच्या ऑर्डरी येतात. एक मेल स्पॅममध्ये गेला तर कास्टिंगचा एक लॉट हातचा जातो.

स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवणे म्हणजे काय ते दादांना समजावून सांगितले. बरेच क्लाउडवाले मेल बाहेर जाण्याचे दार, म्हणजे पोर्ट २५, मुळातच बंद ठेवतात. ते उघडून मिळाले तरी आपल्या आयपीचा, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्याचा, उलटा डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) नीट लागतो. तोच आयपी आधी कुणी स्पॅमसाठी वापरला असेल तर त्याचे डाग आपल्याला चिकटतात. मेल खरेच आपल्याकडून आल्याची खात्री देणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी बिनचूक लागतात, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने या बाबतीत सक्ती वाढवली आहे. शिवाय क्लॅमएव्ही हा विषाणू तपासणारा प्रोग्रॅम एकटाच एक जीबीहून अधिक रॅम घेतो. दोन जीबीच्या सर्व्हरवर तो ठेवायचा म्हणजे घराच्या अर्ध्या खोल्या वॉचमनला देण्यासारखे.

माझे मत तेव्हाही ठाम होते, आजही आहे : छोट्या दुकानाने मेल सर्व्हर स्वतः चालवू नये. फाउंड्रीला सहा मेलबॉक्सचे पैसे देऊन स्वतंत्र मेलसेवा घ्यायला लावली. त्यांनी कुरकुर केली, पण दादांनी ऑर्डरीचा हिशेब मांडल्यावर मान्य केले. मेल सर्व्हरवरून उतरला आणि पॅनेलकडून असलेल्या मागण्या पुष्कळ हलक्या झाल्या.

कोण कोण रांगेत होते

नावे सात निघाली : सीडब्ल्यूपी, सायबरपॅनेल, एएपॅनेल, क्लाउडपॅनेल, व्हर्च्युअलमिन, आयएसपीकॉन्फिग आणि हेस्टिया.

त्या दिवसांत सायबरपॅनेलचे प्रकरण ताजे होते. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यात लॉगिनशिवाय थेट रूटचे, म्हणजे सर्व्हरवरचे सर्वोच्च, अधिकार देणारी त्रुटी उघड झाली आणि इंटरनेटवर उघडी असलेली सुमारे २२ हजार पॅनेल 'पीएसएयूएक्स' नावाच्या खंडणीखोर हल्ल्याच्या तडाख्यात आली. ओपनलाइटस्पीड या वेब सर्व्हरमुळे ते वर्डप्रेसला वेगवान आहे, आणि तेच टाकायचे हे दादांच्या मनात आधीपासून होते. बातमी वाचून ते हबकले. "मग हे बाद. दुसरं सुरक्षित कुठलं?"

इथे मला त्यांना थांबवावे लागले, कारण या यादीत धुतल्या तांदळासारखे कुणीच नाही. सीडब्ल्यूपीमध्ये २०२३ च्या सुरुवातीला अशीच विनालॉगिनची त्रुटी जगजाहीर झाली. वेबमिनच्या बाबतीत तर कुणीतरी थेट त्याच्या बांधणीच्या यंत्रात शिरून मागचे दार बसवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि व्हर्च्युअलमिन वेबमिनवरच उभे आहे. हेस्टिया ज्या व्हेस्टातून फुटून निघाले, त्या व्हेस्टाची इन्स्टॉल स्क्रिप्ट २०१८ मध्ये बिघडवली गेली होती आणि नव्या सर्व्हरांचे पासवर्ड बाहेर जात होते. या घटना समोर ठेवल्या की कुणाची त्रुटी निघाली यावरून निवड करता येत नाही. पॅनेल म्हणजे सर्व्हरच्या रूट अधिकाराला जोडलेले वेबपान. ते जगाला उघडे ठेवले तर आज ना उद्या कुणीतरी कडी काढणार. म्हणून ठरवले, पॅनेल कुठलेही असो, त्याचे पोर्ट इंटरनेटवर दिसणार नाही. वायरगार्डच्या व्हीपीएनमधून, म्हणजे खासगी कूटबद्ध वाटेने, आलेल्यालाच ते उघडेल. हे ठरल्यावर दादांची भीती बरीच ओसरली आणि शांतपणे तुलना करता आली.

सीडब्ल्यूपी पहिल्यांदा गेले. त्याचा पाया सेंटओएस या लिनक्सचा, आणि सेंटओएस ७ चा आधार २०२४ च्या ३० जूनला संपलेला. त्यानंतरच्या वितरणांवरही ते चालते, पण आम्हाला डेबियन हे लिनक्सच हवे होते. आयएसपीकॉन्फिग अनेक सर्व्हर एका जागेवरून चालवणाऱ्यांसाठी उत्तम आहे. आमचा सर्व्हर एकच. सायबरपॅनेलची ती भोके तोवर बुजवली गेली होती, पण दादांच्या मनातून ते उतरले ते उतरलेच. मीही आग्रह धरला नाही, कारण रात्री ज्याने ते उघडायचे त्याचा त्यावर विश्वास पाहिजे.

एएपॅनेल दादांना फार आवडले. "हे लई भारी दिसतंय की!" खरेच देखणे आहे आणि शिकायला सोपे. पण त्यात सगळ्या साइट सहसा एकाच लिनक्स वापरकर्त्याच्या नावाने चालतात. म्हणजे यात्री निवासाच्या साइटवरचा एखादा जुना प्लगइन फुटला तर आत आलेला माणूस शेजारच्या पतसंस्थेच्या फायलींपर्यंत पोचू शकतो. सोळा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट ठेवणाऱ्याला हे चालण्यासारखे नाही. स्वतःच्या एक-दोन साइट असत्या तर मी वेगळा विचार केला असता.

पाच कामांची परीक्षा

उरलेली तीन, म्हणजे व्हर्च्युअलमिन, क्लाउडपॅनेल आणि हेस्टिया, तासावर भाड्याने मिळणाऱ्या तीन सर्व्हरांवर टाकली. मुलीला पाच कामे दिली : नवी साइट जोडणे, तिला एसएसएल (सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र) बसवणे, पीएचपीची आवृत्ती बदलणे, एररचा लॉग शोधून दाखवणे, आणि मी मुद्दाम उडवलेला डेटाबेस बॅकअपमधून परत आणणे. मी शेजारी बसणार, पण बोलणार नाही.

पहिली तीन कामे तिने तिन्हीकडे केली. फरक पडला तो शेवटच्या दोनांत. व्हर्च्युअलमिनमध्ये नाही अशी गोष्ट नाही, आणि लिनक्स जाणणाऱ्याच्या हातात ते दणकट हत्यार आहे. पण मेनूच्या त्या पसाऱ्यात तिला योग्य पान सापडायला वेळ लागला. तिने स्वतःच सांगितले, "सर, हे मला येईल, पण घाईत नाही येणार." हे वाक्य माझ्यासाठी निर्णायक होते. साइट बंद पडते तेव्हा घाईच असते.

क्लाउडपॅनेल आणि हेस्टिया यांच्यात मी बराच घुटमळलो. क्लाउडपॅनेल अतिशय हलके आहे आणि त्यात मेल सर्व्हर नाहीच. आम्हालाही तो नको होता, म्हणजे जोडी जमत होती. अडले एका जुन्या गोष्टीवर. क्लाउडपॅनेल फक्त एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर चालते, आणि एनजिनएक्स '.एचटीअ‍ॅक्सेस' ही अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरसाठीच्या नियमांची फाइल वाचत नाही. आमच्या अकरा वर्डप्रेस साइटींत आणि फाउंड्रीच्या साइटमध्ये वर्षानुवर्षे साचलेले नियम त्या फायलींत होते : जुन्या पत्त्यांचे रीडायरेक्ट, सुरक्षा प्लगइनांचे अडसर, फाउंड्रीच्या साइटचे विचित्र पत्ते. ते सगळे हाताने उलथून लिहायचे आणि पुढे दर वेळी प्लगइनने काही नवे लिहिले की परत बघायचे, हे काम मुलीवर टाकायला माझे मन तयार होईना. हेस्टियात पुढे एनजिनएक्स आणि मागे अपाची अशी जोडी ठेवता येते. नियम जसेच्या तसे चालले. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा लिनक्स वापरकर्ता, एका साइटला पीएचपी ७.४ आणि दुसरीला ८.२, आणि जीपीएल परवान्याचा उघडा कोड.

नव्याने साइट बांधायच्या असत्या तर मी क्लाउडपॅनेल घेतले असते. आम्ही जुने घर हलवत होतो.

बसवताना

सर्व्हरवर डेबियन १२ टाकले. हेस्टियाला कोरी सिस्टिम लागते, आधी काही बसवलेले असेल तर इन्स्टॉलर अडतो. बसवताना क्लॅमएव्ही, स्पॅमअसॅसिन, एक्झिम, डव्हकॉट आणि बाइंड या मेल आणि डीएनएसच्या प्रोग्रॅमांना नकार दिला. डीएनएस, म्हणजे साइटचे नाव आणि सर्व्हरचा पत्ता जोडणारी सेवा, डोमेनवाल्याकडेच ठेवला. सर्व्हर बंद असताना डीएनएसही त्याच्यासोबत बंद पडू नये, एवढे साधे कारण.

मग पीएचपीचा हिशेब केला. चाचणीत प्रत्येक साइटच्या पूलला, म्हणजे तिचे पीएचपी चालवणाऱ्या गटाला, आठ प्रोसेसची मर्यादा दिसली. पीएचपी लागणाऱ्या साइट बारा. बारा आठे शहाण्णव, आणि वर्डप्रेसची एक प्रोसेस पन्नास एमबीची धरली तरी साडेचार जीबीच्या पुढे. रॅम दोन. सगळ्या साइटी एकाच वेळी भरतील असे नाही, पण बॉट आले तर भरतातही. म्हणून छोट्या साइटींना तीन, चप्पलच्या दुकानाला पाच अशी मर्यादा घातली, मारियाडीबी या डेटाबेसची मेमरी आवरली आणि रॅम कमी पडली तर डिस्कवर वापरायला दोन जीबीची स्वॅप फाइल केली.

पॅनेलचे पोर्ट ८०८३. ते बंद करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : नियम हेस्टियाच्या स्वतःच्या फायरवॉलच्या पानावरच बदलावा. कमांडने बाहेरून घातलेला नियम पॅनेल पुढच्या खेपेला फायरवॉल नव्याने मांडताना पुसून टाकते, आणि दार उघडे राहिल्याचे कुणाला कळतही नाही.

साइटी २०२५ च्या जानेवारीत हलवल्या, रोज दोन. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लोकांकडे टिकण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणायचा, फायली आणि डेटाबेस न्यायचे, आपल्याच संगणकाच्या होस्ट फाइलमध्ये नवा आयपी लिहून साइट बघायची, मगच पत्ता बदलायचा. शाळेच्या साइटला एसएसएल मिळेना. दोन तास गेले. जुन्या होस्टिंगने दिलेली आयपीव्ही६ ची नोंद डीएनएसमध्ये राहून गेली होती, आणि मोफत प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा दोन्ही पत्ते असले तर आधी आयपीव्ही६ कडेच जाते. नोंद काढली, प्रमाणपत्र आले.

दोन चुका माझ्या, आणि दोन्ही मेलच्याच. एक्झिम बसवला नव्हता, त्यामुळे साइटवरचे फॉर्म मेल पाठवू शकणार नव्हते, हे मला ठाऊक होते. वर्डप्रेसला बाहेरच्या मेलसेवेतून मेल पाठवणारा एसएमटीपीचा प्लगइन लावला, पण फाउंड्रीच्या हाताने लिहिलेल्या साइटचा चौकशी फॉर्म विसरलो. तो 'धन्यवाद' म्हणत होता आणि मेल कुठेच जात नव्हता. सहा दिवसांनी फाउंड्रीतून फोन आला, "चौकशी एकही नाही, असं कधी होत नाही." त्या सहा दिवसांतल्या चौकश्या परत मिळाल्या नाहीत. एमएसएमटीपी हा मेल पाठवणारा छोटा प्रोग्रॅम बसवून तो फॉर्म चालू केला. दुसरी चूक : नव्या मेलसेवेची एसपीएफ नोंद घालताना जुनी काढली नाही. एका डोमेनला एसपीएफ एकच असावी लागते, दोन झाल्या की तपासणी दोन्हींना धुडकावते. दोन दिवस फाउंड्रीचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये गेले. तेव्हापासून स्थलांतराच्या आमच्या यादीत पहिली ओळ आहे, प्रत्येक साइटवरचा प्रत्येक फॉर्म भरून, मेल हातात आला का ते बघणे.

बॅकअप आणि पंचगंगा

हेस्टिया रोज पहाटे बॅकअप घेते, पण मुळात त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. सर्व्हर गेला की बॅकअपही जातो. दादांची जुनी पद्धत म्हणजे महिन्यातून एकदा सगळे उतरवून दुकानातल्या हार्ड डिस्कवर ठेवायचे.

दुकान कुंभार गल्लीजवळ, हे मी सुरुवातीलाच सांगितले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा दादांच्या दुकानात पाणी होते आणि पहिल्या खेपेला ती डिस्क पाण्यात गेली. तेव्हा जुन्या होस्टिंगकडे प्रती होत्या म्हणून निभावले. आता त्या नाहीत.

म्हणून रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने कूटबद्ध केलेली प्रत रोज रात्री दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या कंपनीच्या साठ्यावर जाते. तिची किल्ली तीन ठिकाणी आहे : मुलीकडे, माझ्याकडे आणि दादांच्या घरी कागदावर, पहिल्या मजल्यावरच्या कपाटात. वायरगार्ड दोघांच्याही मोबाइलवर आहे. दुकानात पोचता आले नाही तरी घरून पॅनेल उघडते. दादांनी हे जमायला चार संध्याकाळी घेतल्या, पण आता ते स्वतः आत जाऊन सर्व्हिस रीस्टार्ट करतात, काळ्या पडद्याशिवाय.

पतसंस्थेच्या सचिवांनी एक चांगला प्रश्न विचारला होता, लॉग किती दिवस राहतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितले आहे. पॅनेल टाकले म्हणून हे आपोआप होत नाही. लॉगच्या फिरवणीची मुदत आम्ही बदलली आणि त्या फायलीही बाहेरच्या साठ्यावर पाठवल्या.

जूनमधला आठवडा

खरी कसोटी पुराने घेतली नाही, चपलेने घेतली. २०२५ च्या जूनअखेर प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि देशभर वाद पेटला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले, त्यामुळे राग रास्तच होता. चप्पल लाइनमधल्या आमच्या गिऱ्हाइकाची साइट लोक धडाधड उघडू लागले. त्या रात्री साडेदहाला दादांचा फोन : "चप्पलची साइट सरकंना झालीय."

मी पाहिले तर त्या साइटच्या पाचही प्रोसेस भरलेल्या आणि बाहेर रांग लागलेली. पण शाळा, पतसंस्था, यात्री निवास सगळे सुरळीत चालू होते. पूल वेगळे ठेवल्याचे चीज झाले. मुलीने घरून व्हीपीएन जोडला, पॅनेलमध्ये त्या साइटसाठी एनजिनएक्सची कॅशिंग असलेली टेम्पलेट निवडली. पाने कॅशमधून जाऊ लागली आणि दहा-पंधरा मिनिटांत रांग ओसरली. साइटवर खरेदीची टोपली नाही, फक्त चपलांची पाने आणि व्हॉट्सअ‍ॅपचे बटण, म्हणून हा उपाय बिनधास्त करता आला. टोपली असती तर कॅश लावताना फार जपावे लागले असते.

मला फक्त एक मेसेज आला, "सर, झालं." मी काहीच केले नव्हते.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती एका साइटची प्रत भाड्याच्या कोऱ्या सर्व्हरवर उभी करून बघते आणि किती वेळ लागला ते वहीत लिहिते. मार्चमध्ये एक प्रत अर्धवट निघाली, डिस्क भरल्यामुळे तिचा बॅकअप मध्येच थांबला होता. त्यानंतर डिस्क ऐंशी टक्क्यांवर गेली की दोघांच्या मोबाइलवर इशारा येतो.

फाउंड्रीची साइट अजून पीएचपी ७.४ वरच आहे. तिला वेगळा वापरकर्ता आहे, फायली लिहिण्याचे अधिकार काढून घेतले आहेत आणि फॉर्म सोडून बाकी सगळे बंद आहे. नव्याने लिहिण्याचे अंदाजपत्रक दादांनी दिवाळीनंतर दिले. उत्तर अजून आलेले नाही, दादा दर सोमवारी आठवण करून देतात.